ओगल्यांचं पिस्तूल

गुरुनाथ ओगल्यांना खरं म्हणजे फक्त चाप बदलायचा होता.

हे वाक्य त्यांनी पुढच्या पाच महिन्यांत बायकोला, रेणूला, इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी शेवटी त्यांनी तोंड उघडायच्या आत तीच ते म्हणून टाकायची. पण वाक्य खोटं नव्हतं. अमेरिकेत शॉमबर्गच्या एका विमा कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा ओगल्यांचा पोटापाण्याचा उद्योग, आणि दर गुरुवारी संध्याकाळी नदीपलीकडच्या नेमबाजी क्लबात जाऊन कागदी चकत्यांवर तीस गोळ्या झाडणं हा छंद. प्रत्येक गोळीचे जास्तीत जास्त दहा गुण, एकूण तीनशे. ओगल्यांना पडायचे दोनशे चौदा. एखाद्या गुरुवारी तेरा, एखाद्या गुरुवारी पंधरा, पण काटा चौदावर रुतून बसला होता. चौपन्नाव्या वर्षी माणसाचं वजन वाढतं, चष्म्याचा नंबर वाढतो, मग गुणच तेवढे का वाढू नयेत, हा प्रश्न त्यांना रास्त वाटायचा.

त्यात क्लबाच्या संघातली एक जागा रिकामी झाली. नोव्हेंबरात शेजारच्या क्लबाशी सामना असतो, चार जणांचा संघ असतो, आणि त्यातले एक आजोबा मुलीजवळ राहायला ॲरिझोनाला निघून गेले. संघाची कॅप्टन मोना. वय शहात्तर, शाळेच्या लायब्ररीतून निवृत्त, अंगात बारा महिने लोकरीचं जाकीट. ओगल्यांच्या नोकरीपेक्षा जुनं पिस्तूल घेऊन ती दोनशे ऐंशी गुण मिळवायची आणि मिळवल्यावर विणकाम बाहेर काढायची. लायब्ररी किती वाजता बंद होते ते सांगावं अशा आवाजात तिने ओगल्यांना सांगितलं, की ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी पात्रता फेरी आहे, दोनशे चाळीस मिळव, जागा तुझी.

सव्वीस गुण कमी. ओगल्यांनी विचार केला. त्यांचा हात स्थिर होता, असं त्यांचं मत होतं. नजर चष्म्यासकट उत्तम होती. म्हणजे दोष उरला तो पिस्तुलात. पिस्तूल साधं, कारखान्यातून आलेलं, बावीस कॅलिबरचं. छोटंसं काडतूस, त्याच्या काठावर ठोका बसतो आणि लवंगी फटाक्याएवढा आवाज होतो. पण चाप असा जड, की ओढता ओढता माणसाचं मन बदलावं.

तीन घरं सोडून शशिकांत राहायचा. नागपूरचा, मनाने मोकळा, आणि ज्या विषयातलं काही माहीत नाही त्यात सल्ला द्यायला सदैव तयार. त्याने आयुष्यात पिस्तूल हातात धरलं नव्हतं, पण पिस्तुलांचे व्हिडिओ मात्र सगळे पाहिले होते. तो म्हणाला, “ओगले, यार, पंधरा मिनिटांचं काम आहे. चाप मागवा, जुना काढा, नवा टाका.”

व्हिडिओ पंधरा मिनिटांचाच होता, हे खरं. मेच्या एका शनिवारी सकाळी ओगल्यांनी डायनिंग टेबलावर जुनी चादर पसरली, पिस्तूल रिकामं आहे हे तीनदा तपासलं आणि उघडलं. उघडायला चार मिनिटं लागली. ते पुन्हा बंद व्हायला मंगळवार उजाडला. त्या जातीच्या पिस्तुलाचं हे वैशिष्ट्यच आहे, ते सुटं व्हायला कायम उत्सुक असतं. मधल्या तीन दिवसांत एक स्प्रिंग उडाली ती थेट स्वयंपाकघरात गेली. शशिकांतने सांगितलं की अशी कामं पारदर्शक पिशवीत हात घालून करायची असतात, म्हणजे उडालेलं पिशवीतच राहतं. हे त्याने स्प्रिंग उडाल्यावर सांगितलं. ती रविवारी दुपारी रेणूला शेंगदाण्याच्या कुटात सापडली. तिने ती धुऊन, पुसून, बशीत घालून ओगल्यांसमोर ठेवली आणि एक अक्षर बोलली नाही. ओगल्यांना बोललेलं परवडलं असतं.

नवा चाप मात्र सुरेख होता. इतका हलका, की जुनी नळी त्याच्या लायकीची वाटेना. हे ओगल्यांचं नव्हे, शशिकांतचं मत. पण दोन दिवसांत ते ओगल्यांचं झालं. त्यांनी फ्लोरिडातल्या एका विक्रेत्याकडून खास नेमबाजीची नळी मागवली. एक नळी, वरून झाकण, बस्स. चाप जसा टपालाने घरी आला तशी हीही येईल, असं त्यांनी धरून चाललं होतं.

इथे त्यांना एक नवी गोष्ट कळली. त्यांच्या पिस्तुलात चाप, मूठ, स्प्रिंगा हे सगळं कायद्याच्या दृष्टीने नुसतं लोखंड. नंबर कोरलेला असतो तो नळीच्या भागावर, आणि जिथे नंबर तिथे पिस्तूल. म्हणजे ओगल्यांनी मागवली होती नळी, पण सरकारदरबारी ते एक आख्खं नवं पिस्तूल होतं. ते घरी येणार नाही, परवानाधारक दुकानात येणार. तिथे जाऊन फॉर्म भरायचा, चौकशी व्हायची, मग तीन दिवस थांबायचं. ओगल्यांना नियमांची भीती नव्हती. बंदूक बाळगायचं राज्याचं कार्ड त्यांच्याकडे होतं, नागरिकत्व होतं, तपासणी हा तर त्यांचा व्यवसायच. ते इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात गेले.

दुकानदाराने कार्ड पाहिलं, पार्सल पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. कार्डावर गुरुनाथ शंकर ओगले. पार्सलवर गुरू ओगल. ऑफिसात सगळे गुरू म्हणतात, आणि आडनावातलं एक अक्षर इथे येताच कुणीतरी गाळलं होतं ते ओगल्यांनी घाईत तसंच टाइप केलं होतं. इंग्रजीत त्या चार अक्षरांचा अर्थ बायकांकडे टक लावून बघत राहणं असा होतो. दुकानदाराने ते नाव हसू दाबत मोठ्याने वाचलं, मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. मग तो गंभीर झाला आणि म्हणाला की मागवणारा एक आणि नेणारा दुसरा असं चालत नाही, यात तुरुंगसुद्धा होतो. ओगले म्हणाले, दोघेही मीच. दुकानदार म्हणाला, तुम्ही दिसता सज्जन, पण कागद कागदासारखा हवा.

विक्रेत्याकडून नाव दुरुस्त होऊन यायला सतरा दिवस गेले. ओगल्यांनी अकरा ईमेल पाठवल्या, दर ईमेलमध्ये वडिलांच्या नावाचं स्थान समजावून सांगितलं. फ्लोरिडाचा माणूस पहिल्यांदा ‘शंकर ओगल’ अशी दुरुस्ती करून मोकळा झाला. मग पुन्हा फॉर्म, पुन्हा चौकशी, तीन दिवस, आणि एका शुक्रवारी ओगले नळी घेऊन घरी आले.

“म्हणजे आता आपल्याकडे कायद्याने दोन पिस्तुलं?” रेणूने विचारलं.

ओगल्यांनी ते मान्य केलं.

“एक दुरुस्त करायला घेतलंस ना?”

दोन पिस्तुलांना जुनी पेटी पुरेना म्हणून कपाटात एक मजबूत तिजोरी बसवावी लागली. तिजोरी चांगली निघाली. इतकी चांगली, की रेणूने तिच्यात पाटल्या, तोडे, पासपोर्ट आणि सासूबाईंचं चांदीचं तबक आणून ठेवलं. त्यानंतर दर गुरुवारी क्लबात निघताना ओगल्यांना आधी रेणूचे सगळे दागिने पलंगावर मांडावे लागायचे.

नव्या नळीवर नेम धरायची जुनी लोखंडी खूण नव्हती. तिच्यावर लाल ठिपका दाखवणारी दुर्बीण लागते. दुर्बिणीला पट्टी लागते, पट्टीला विशिष्ट स्क्रू, आणि त्या स्क्रूला असा पाना, जो जगात दुसऱ्या कशालाच लागत नाही. हे सगळं ओगल्यांनी न कुरकुरता केलं. जुलै संपत आला होता आणि गुण दोनशे बावीसवर पोचले होते. ओगल्यांनी ऑफिसातल्या पांढऱ्या फळीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात २४० लिहून ठेवलं. मॅनेजरला ते चुकांचं उद्दिष्ट वाटलं आणि त्याने मीटिंगमध्ये त्याचं कौतुक केलं.

आता फक्त मूठ उरली होती. कारखान्याची प्लॅस्टिकची मूठ हातात फिरायची. इटलीत एक कारागीर तुमच्या हाताच्या मापाची अक्रोडाच्या लाकडाची मूठ कोरून देतो, असं शशिकांतने शोधून काढलं. मापासाठी हाताचा फोटो पाठवायचा. ओगल्यांनी मोजपट्टीचा कागद छातीवर चिकटवला, उजवा हात त्यावर ठेवला, डाव्या हाताने फोन धरला आणि स्क्रीन दिसावी म्हणून सेल्फीचा कॅमेरा लावला. फोटो झकास आला. सेल्फीचा कॅमेरा उजव्याचं डावं करतो ही गोष्ट रोज चुका शोधणाऱ्या माणसाच्या लक्षात आली नाही.

तीन आठवड्यांनी मूठ आली. गुळगुळीत, काळसर, नक्षीदार, एखाद्या संग्रहालयात ठेवावी अशी. आणि डाव्या हाताची. कारागिराने सोबत चिठ्ठी पाठवली होती, की फॉर्मवर उजवा लिहिलंय पण फोटोत डावा दिसतोय, तेव्हा मी डोळ्यांवर विश्वास ठेवला.

शशिकांतचं म्हणणं पडलं की डावा हात शिकवावा. “दीड महिना आहे ना, होऊन जाईल, बाप्पा.” ओगले इतके पेटलेले होते की त्यांनी एक गुरुवार तेही करून पाहिलं. अठ्ठ्याण्णव गुण पडले. सात गोळ्या तर शेजारच्या माणसाच्या चकतीवर. मोनाने विणकामातून मान वर करून तो कागद पाहिला आणि क्लबाच्या फळ्यावर एक चिठ्ठी लावली. चार दिवसांत एक डावखुरा दंतवैद्य उगवला. त्याने ती मूठ हातात घेतली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. अशी मूठ तो नऊ वर्षं शोधत होता. बदल्यात त्याने स्वतःकडची उजव्या हाताची साधी लाकडी मूठ दिली. ती ओगल्यांना मोठी होत होती. त्यांनी गॅरेजात बसून तीन संध्याकाळ सँडपेपरने ती घासली, घासून हातात धरली, पुन्हा घासली. नंतर रेणूने पाहिलं तर लाकडाच्या भुशाने ते नखशिखान्त पिवळे झाले होते, आणि मूठ हातात अशी बसली होती की जणू हातातूनच उगवली असावी. त्या दिवशी ती पहिल्यांदा म्हणाली, “दाखव बघू.”

सप्टेंबरात गुण दोनशे एकतीस झाले. मग चौतीस. मग एका गुरुवारी अडतीस. ओगले घरी येताना गाडीत एकटेच गाणं म्हणत आले.

पात्रता फेरीच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. दसरा नेमका गुरुवारी आला होता. पाच महिने त्या पिस्तुलाकडे तिरक्या नजरेने बघणारी रेणू त्या संध्याकाळी ऑफिसातून आली आणि म्हणाली, की घरात शस्त्र म्हणून दरवर्षी आपण भाजीची सुरी आणि स्क्रूड्रायव्हर पुजतो, या वर्षी खरं आहे तर त्याचीही पूजा होईल. ओगले लगबगीने तिजोरीकडे गेले. त्यांनी पिस्तूल आणून पाटावर ठेवलं. गोळ्यांचं मॅगझिन काढलेलं, वरची खिडकी उघडी. नियमच आहे तसा, पिस्तूल रिकामं आहे हे कुणालाही लांबूनसुद्धा दिसलं पाहिजे. रेणूने झेंडू वाहिला, हळदकुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या आणि हात जोडून म्हणाली, याला उद्या यश दे. ओगल्यांनी फूल बाजूला केलं, कुंकू पुसलं आणि पिस्तूल पेटीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रेणू क्लबात आली. शशिकांतही आला, कारण तो येणारच होता. जाड काचेमागे प्रेक्षकांसाठी बाक होते, तिथे दोघं बसले. ओगले आपल्या जागेवर उभे राहिले. कान झाकले, चष्मा चढवला, श्वास सोडला.

पहिल्या दहा गोळ्या सावकाश मारायच्या असतात. ओगल्यांना शहाऐंशी पडले. आयुष्यात कधी पडले नव्हते. पुढच्या दहा वेळेच्या बंधनात, पाच-पाचच्या दोन डावांत. पहिल्या पाचांना चव्वेचाळीस. पंधरा गोळ्यांत एकशे तीस. काचेमागे शशिकांत बोटांवर हिशेब करत होता आणि त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. दुसऱ्या डावाची शिटी झाली, चकती फिरली, ओगल्यांनी चाप ओढला.

काहीच झालं नाही.

ओगल्यांनी शिकवल्याप्रमाणे पिस्तूल चकतीकडेच रोखून ठेवलं आणि दुसरा हात वर केला. वीस सेकंद गेली, चकती पुन्हा वळली. क्लबाचा पंच आला. हाही निवृत्त, पूर्वीचा प्लंबर, गॅस्केटपासून ग्रहणापर्यंत सगळ्यावर शांतपणे विचार करणारा. त्याने पिस्तूल रिकामं केलं, उलटं धरलं, हळूच टेबलावर ठोकलं. आतून एक तांदूळ पडला. लालपिवळा, कुंकवात माखलेला, एकच दाणा.

आजूबाजूचे सात-आठ म्हातारे जमले. क्लबाच्या नियमपुस्तकात लिहिलंय, की पिस्तूल आपण होऊन बिघडलं तर तो डाव पुन्हा मारायला मिळतो. नेमबाजाच्या हलगर्जीपणाने बिघडलं तर मिळत नाही. तांदूळ कशात बसतो यावर गंभीर चर्चा झाली. एकाने तो शिजवलेला आहे की कच्चा असं विचारलं. दुसऱ्याने कारखान्यांत हल्ली काहीही होतं असं मत दिलं. पंचाचा कल ओगल्यांच्या बाजूने होता, हे दिसत होतं. त्याने दाणा तळहातावर घेतला आणि विचारलं, “हा आत कसा गेला, तुला काही माहीत आहे का?”

‘नाही’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ओगल्यांना ते पूर्णपणे माहीत होतं. त्या एका शब्दाने पाच गोळ्या परत मिळत होत्या, आणि आज त्यांचा हात जसा चालला होता तसा पुन्हा चालेल याची खात्री नव्हती. त्यांनी काचेकडे पाहिलं. रेणू उभी राहिली होती. तिला आतलं ऐकू येत नव्हतं, पण तळहातावरचा तो रंग तिने ओळखला होता. तिचा हात तोंडावर होता.

ओगले म्हणाले, “माहीत आहे. काल आमच्याकडे हत्यारांच्या पूजेचा दिवस होता. तांदूळ वाहतात. पिस्तूल पूजेत मी ठेवलं, आणि नंतर आत बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही.”

पंचाने दाणा टेबलावर ठेवला. मग म्हणाला, सॉरी, गुरू. डाव गेला.

एकशे तीस अधिक शून्य. उरलेल्या दहाही गोळ्या अगदी मधोमध बसल्या तरी बेरीज दोनशे तीस. दोनशे चाळीस आता गणितातच नव्हतं. शेजारचा माणूस हलक्या आवाजात म्हणाला की तू आवरून घेतलंस तरी कुणी काही म्हणणार नाही. ओगल्यांनी मान हलवली. त्यांनी पिस्तूल नीट पुसलं, दिव्यासमोर धरून आरपार पाहिलं, आणि पुन्हा जागेवर जाऊन उभे राहिले.

शेवटच्या दहा गोळ्या झटपट मारायच्या असतात, तीच ओगल्यांची कायमची दुखरी जागा. शिटी झाली. पाच. पुन्हा शिटी. पाच. कागद हातात आला तेव्हा मोनाने विणकाम खाली ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि भोकं स्वतः मोजली. मग पुन्हा मोजली. अठ्ठ्याऐंशी. एकूण दोनशे अठरा, पंचवीस गोळ्यांत. तिने तो आकडा फळ्यावर आपल्या सुंदर लायब्ररीच्या अक्षरात लिहिला आणि म्हणाली, “मार्चच्या तिसऱ्या गुरुवारी पुन्हा फेरी आहे. मला ॲरिझोनावाल्याची जागा नुसती भरायची नाहीये. ये.” नोव्हेंबरात तिघंच खेळतील का, असं कुणीतरी विचारलं. तिने सुया उचलल्या.

परतताना शशिकांत मागच्या सीटवर बसला होता. पंचाने चूक केली, अपील करता येतं, त्याच्याकडे एक व्हिडिओ आहे, हे त्याने नदी येईपर्यंत सांगितलं. त्याला त्याच्या दारात सोडून ओगल्यांनी गाडी आपल्या ड्राइव्हवेवर आणली. दोघंही उतरली नाहीत.

“पाच गोळ्या माझ्यामुळे गेल्या,” रेणू म्हणाली.

“नाही. मी बघायला हवं होतं.”

रेणूने सीटचा पट्टा सोडला. “मग शेवटच्या दहा कशाला मारल्यास? माझ्या शेजारचे आजोबा सांगत होते, काही उपयोग नव्हता म्हणून.”

ओगल्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. काहीतरी भारदस्त सुचलं असतं तर त्यांना आवडलं असतं.

“दहा बाकी होत्या,” ते म्हणाले.

रेणूने पर्समधून फोन काढला. “मार्चचा तिसरा गुरुवार म्हणजे एकोणीस तारीख. पाडवा आहे त्या दिवशी.”

ओगल्यांनी हिशेब केला. वर्षाचा पहिला सण, घरी पंचवीस माणसं जेवायला, दारात गुढी. “सकाळी गुढी मी उभारीन,” ते सावधपणे म्हणाले. “फेरी संध्याकाळी सातला असते. पण गुढी सूर्यास्ताला उतरवावी लागते, आणि तोवर मी...”

“गुढी मी उतरवीन,” रेणू म्हणाली आणि दार उघडून उतरली. “तू सहाला निघ.”